मोटारीचा ‘सेल्फ’ कुरकुरूं लागतो तेव्हां



किल्ली फिरविली कीं इंजिन सुरू व्हावें, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं तें काम करणारें एक स्वतंत्र यंत्र बॉनेटखालीं आहे, याची आठवण आपणांस तें रुसल्यावरच होते. आपले मिस्त्री लोक त्यास ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दाचा हा पूर्वार्ध आपल्याकडे असा रुळला आहे कीं ‘सेल्फ मार’ म्हटलें म्हणजे लहान मुलासही कळतें. हा सेल्फ आवाज करूं लागला असतां घरच्या घरीं त्याची काय चाकरी करतां येईल, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

पूर्वीं गाडीच्या तोंडाशीं लोखंडी हँडल घालून इंजिन हातानें फिरवावें लागे. इंजिन उलटें उसळलें तर त्या हँडलाच्या तडाख्यानें मनगट मोडे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर विजेचा सेल्फ आला आणि ही आपत्ति टळली. त्याचा कर्ता चार्ल्स केटरिंग यानें त्यापूर्वीं दुकानांतील गल्ल्याच्या यंत्रासाठीं विजेची लहान मोटर तयार केली होती. त्या कामांत त्याला एक गोष्ट उमगली होती. जिला क्षणभरच राबावयाचें आहे, अशा लहान मोटरीवर तिच्या ताकदीपलीकडचा भार टाकला तरी ती तो सोसते. आजचे सेल्फही याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच तो एका दमांत दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये, आणि दोन प्रयत्नांमध्यें निदान अर्धें मिनिट थांबावें. घाईच्या वेळीं हें पथ्य कोणी पाळीत नाहीं, आणि आंतील तारांच्या गुंडाळ्या जळतात त्या तेव्हांच.

याची रचना फारशी अवघड नाहीं. मोटरीच्या टोंकाशीं नऊ-दहा दांत्यांचें एक लहान दंतचक्र असतें. इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या कडेवर शंभराहून अधिक दांत्यांची पोलादी रिंग असते. किल्ली फिरवितांच सोलेनॉइड हा विद्युच्चुंबक दंतचक्रास पुढें ढकलून रिंगेंत अडकवितो, आणि त्याच हालचालीनें मोटरीचा प्रवाह जोडतो. लहान चक्राचे दहा-पंधरा फेरे होतात तेव्हां इंजिनाचा एक होतो. आतां इंजिन पेटून मिनिटास हजार फेरे घेऊं लागलें आणि दंतचक्र रिंगेंतच राहिलें, तर मोटर दहा-पंधरा हजार फेऱ्यांनीं गरगरून तिच्या चिंध्या होतील. तसें होऊं नये म्हणून दंतचक्रामागें एकाच दिशेनें जोर देणारा क्लच बसविलेला असतो.

वैद्य नाडी पाहतो, सेल्फची परीक्षा मात्र कानानें करावी. किल्ली फिरवितांच ‘टक-टक-टक’ असा भरभर आवाज आला आणि दिवे मंदावले, तर दोष बहुधा सेल्फचा नसतोच. बॅटरी उतरलेली असते किंवा तारेचा एखादा सांधा गंजलेला असतो. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर प्रवाह मागतांच विजेचा दाब कोसळतो, सोलेनॉइड सुटतो, दाब पुन्हां चढतो; या ओढाताणीचा तो आवाज. एकदांच ‘टक’ होऊन पुढें सारें स्तब्ध झालें, तर सोलेनॉइडमधील तांब्याची तबकडी जळलेली असावी किंवा मोटरींतील कार्बन झिजलेले असावेत. मोटर ‘घुंऽऽ’ करून भरधाव फिरते आणि इंजिन मात्र ढिम्म, असें असेल तर दंतचक्र रिंगेपर्यंत पोंचत नाहीं, अथवा क्लच निसटतो आहे. कोरडी किंकाळी ही झिजलेल्या बुशाची. ‘खर्रर्र’ हा आवाज दांते दांत्यांवर घासल्याचा, आणि तो अंगावर काढणें सर्वांत महाग पडतें. कारण सेल्फ बदलणें सोपें, पण रिंग बदलावयाची तर गिअरपेटी उतरवावी लागते. इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ ओरडत राहिला तर इंजिन तत्काळ बंद करावें. आणि किल्ली काढूनही तो फिरतच असेल तर बॅटरीची तार सोडविणें हाच उपाय.

माझा स्वतःचा अनुभव सांगतों. एका आषाढी रात्रीं घरांत मावशीच्या छातींत कळ आली. तिला गाडींत बसविलें, किल्ली फिरविली, तों नुसती टकटक. शेजारच्या चार जणांनीं चिखलांतून गाडी उतारावर लोटली तेव्हां ती सुरू झाली, आणि मावशी वेळेवर इस्पितळांत पोंचली. याच टकटकीसाठीं आठवड्यापूर्वीं गाडी एका गॅरेजमध्यें दाखविली होती, तेथें ‘नवा सेल्फ घाला’ एवढाच सल्ला मिळाला होता. दुसरे दिवशीं मीं खालीं वाकून पाहिलें, तर इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी बोल्टाशीं गंजून पांढरी-हिरवी झाली होती. ती काढून घासली, घट्ट आवळली, आणि तोच जुना सेल्फ पुढें कित्येक वर्षें चालला. तेव्हांपासून मी प्रथम तारा पाहतों. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असतां स्वस्थपणीं सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ फिरत असतां तो आंकडा साडेनऊच्या खालीं जाऊं नये. बॅटरीचे टोंक आणि सेल्फचे टोंक यांमध्यें फिरतेवेळीं अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर तार किंवा सांधा दोषी समजावा.

सेल्फ उतरविणेंच प्राप्त झालें, तर बॅटरीची ऋण बाजूची तार आधीं सोडवावी. धन बाजूस प्रथम हात घातला आणि पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर शेंकडों अँपिअर प्रवाह त्या पान्यांतून वाहतो. बोटांतील अंगठी काढून ठेवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कदापि शिरूं नये. भक्कम टेकू द्यावेत आणि चाकांना अटकाव करावा. तारांना खुणेच्या चिठ्या बांधाव्या, आणि शेवटचा बोल्ट काढतांना सेल्फला खालून आधार द्यावा, कारण तो दिसतो त्याहून जड असतो. ज्या नव्या गाड्यांचें इंजिन सिग्नलापाशीं आपोआप बंद होऊन आपोआप सुरू होतें, त्यांच्या वाटेस घरीं जाऊं नये, हें बरें.

कवच उघडण्यापूर्वीं त्याच्या जोडांवर आडवी रेघ ओढून ठेवावी, म्हणजे परत बसवितांना चूक होत नाहीं. आंत काळी कोळशाची धूळ असते. ती कोरड्या ब्रशानें, नाकाला फडकें बांधून झाडावी. हीच धूळ सांचून कार्बन आपल्या घरांत अडकतात. ते बोटानें सहज सरकले पाहिजेत, आणि मूळ लांबीच्या निम्म्यावर आले असतील तर बदलावे. कॉम्युटेटर पेट्रोलनें ओलावलेल्या फडक्यानें पुसावा, व डाग न गेल्यास बारीक कांचकागदाची पट्टी भोंवतीं धरून तो फिरवावा. एमरी कागद वापरूं नये, त्याचे कण खांचांत रुततात. तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक कोरावा कीं नाहीं, हें गाडीच्या पुस्तकांत पाहावें. कित्येक सेल्फांत तो कोरणें निषिद्ध आहे. क्लच मात्र रॉकेलांत बुडवूं नये, त्यांतील कायमचें वंगण धुऊन जातें. हातानें फिरविला असतां तो एका दिशेस मोकळा व दुसरीस घट्ट लागला कीं ठीक. मोटर चांचणीसाठीं चालविण्यापूर्वीं पेट्रोलचा वास पुरता उडूं द्यावा. आंत ठिणग्या उडतात, हें विसरूं नये.

कांशाचा नवा बुश बसविण्यापूर्वीं चोवीस तास इंजिन-तेलांत भिजत ठेवावा. वेळ नसेल तर बुशाचें एक तोंड बोटानें बंद करून आंत तेल भरावें आणि अंगठ्यानें दाबावें. बाहेरून तेलाचे बारीक थेंब घामासारखे फुटले म्हणजे त्याचीं छिद्रें भरलीं असें समजावें.

दोन जुन्या संवयींविषयीं सांगितलें पाहिजे. सेल्फ अडला कीं हातोडीनें ठोकण्याची आपल्याकडे रीत आहे. जुन्या सेल्फांत चुंबकाचें काम गुंडाळ्या करीत, तेव्हां ती खपून जाई. आतांच्या पुष्कळ सेल्फांत कायमचे चुंबक आंतून चिकटविलेले असतात. ठोक्यानें ते तडकतात, आणि मग दुरुस्तीच उरत नाहीं. दुसरी संवय वंगण थापण्याची. मॉरिस ऑक्सफर्डच्या घडणीच्या जुन्या अँबॅसडर गाड्यांत दंतचक्र सोलेनॉइडनें नव्हे, तर स्क्रूच्या आट्यांवरून झेप घेऊन पुढें येई. त्यास बेंडिक्स म्हणत. त्या आट्या रॉकेलनें धुऊन कोरड्या ठेवावयाच्या असतात. ग्रीस लावलें कीं धूळ चिकटते आणि दंतचक्र अडकतें. सोलेनॉइडच्या सेल्फांत मात्र दांड्यावरील खांचांना बोटभर ग्रीस लावणें हितकर आहे.

सेल्फ बाहेर आहे तोंवर टॉर्च घेऊन रिंगही पाहावी. चार सिलिंडरचें इंजिन बंद होतांना बहुधा समोरासमोरच्या त्याच दोन जागीं थांबतें, म्हणून रिंगेचे दांते तेथेंच झिजतात. तेव्हां इंजिन हातानें पुरा एक फेरा फिरवून पाहावें. परत बसविण्यापूर्वीं सेल्फ शेगड्यांत घट्ट आवळून बॅटरीवर दोन-तीन सेकंदच चालवावा. हातांत धरून चालविला तर तो उसळी मारतो, आणि भाराविना अधिक वेळ फिरला तर बेफाम होतो. आवाज एकसारखा आला कीं गाडीला टेकणारी बैठक घासून स्वच्छ करावी, बोल्ट सारखे आवळावे, आणि ऋण बाजूची तार सर्वांत शेवटीं जोडावी.