हरल्यावरही चौकातूनच जायचं असतं

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या पारावर एखाद्याला ‘तुमचा क्लब कुठला?’ असं विचारलं, तर समोरचा माणूस आधी विचारणाऱ्याकडे निरखून बघेल. ‘तुमचा गाडा कुठला?’ असं विचारा, मग बघा. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात बैलगाडा हाच संघ आणि घाट हेच स्टेडियम. बारी, म्हणजे गाड्याची धाव, सुटते, सेकंदांत निकाल लागतो, आणि त्या काही सेकंदांवर पुढचे सहा महिने एकमेकांना डिवचणं चालतं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या. त्यांना पुन्हा परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ रोजी. मधली साडेसात वर्षं घाट ओस पडले होते. तरी अनेकांनी दावणीचे शर्यतीचे बैल विकले नाहीत. नांगराला लावायचे नाहीत, पळवता येत नाहीत, आणि खुराक मात्र पहिलवानाचा! हिशेबाच्या वहीत हा निव्वळ तोटा. गाडामालकाला तसं सांगून बघावं, तो हसून सोडून देईल.

फुटबॉलच्या छोट्या क्लबचा समर्थक हा याच जातकुळीतला माणूस. जगज्जेत्या संघाचा चाहता होणं सोपं असतं. जर्सी विकत घेतली की काम झालं. जो संघ हंगामात चार सामने जिंकतो आणि सात हरतो, त्याच्यामागं वर्षानुवर्षं उन्हात जाऊन बसणं, वर शेजारच्या गल्लीची बोलणी खाणं, याला मात्र वेगळी घडण लागते. ती महाराष्ट्रात कुठं बघायची असेल तर कोल्हापूरला जावं लागतं.

पण वाटेत पुणे लागतं, आणि तिथली गोष्ट आधी सांगायला हवी. पुण्यात गेल्या वीस वर्षांत व्यावसायिक फुटबॉलचे चार डाव मांडले गेले. पुणे एफसी २००७ साली उभा राहिला, मागं पिरामल घराण्याचा पैसा होता. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये हा संघ दुसरा आला, म्हणजे संघ काही लिंबूटिंबू नव्हता. भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम खेळला. शिवाजीयन्स हा मूळचा १९८७चा क्लब ‘डीएसके’ हे नाव लावून आय-लीगपर्यंत पोचला आणि २०१७ मध्ये त्याचा वरिष्ठ संघ बंद झाला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबरच जन्मला. बालेवाडीच्या गॅलरीत त्याची ‘ऑरेंज आर्मी’ ढोल बडवत उभी असायची. २०१९ मध्ये तोही गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. पुढं त्या हैदराबादच्या क्लबनंही दिल्ली गाठली. समर्थकांना यातलं काही कुणी विचारलं नव्हतं. दुकान मालकाचं होतं. त्यानं शटर ओढलं, आणि ऑरेंज आर्मीच्या हातात ढोल तेवढे राहिले.

कोल्हापुरात शटर ओढणारा मालकच नाही. तिथं क्लबला पेठ असते.

नावांवरूनच ते कळतं. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. फुटबॉलच्या संघाला ‘तालीम’ म्हणणारं दुसरं शहर सापडणं कठीण. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ आलं. पोरं लाल मातीत घुमायची. पुढं त्याच तालमींतली पोरं फुटबॉलला लागली, पण नाव, देव आणि कट्टा तोच राहिला. १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे कोल्हापूरकरांच्या तोंडातली ‘केएसए’, स्थापन झाली. छत्रपती घराणं आजही तिच्या पाठीशी आहे. केएसए लीग आणि बहुतेक मोठ्या स्पर्धा राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात.

या रचनेचा परिणाम असा, की कोल्हापुरात माणूस क्लब निवडत नाही. तो ज्या गल्लीत जन्मला त्या गल्लीचा क्लब त्याच्या वाट्याला येतो, आडनावासारखा. शिवाजी पेठेत जन्मलेल्या पोराला शिवाजी तरुण मंडळ किंवा खंडोबा, मंगळवार पेठेतल्याला पाटाकडील किंवा बालगोपाल, रविवार पेठेतल्याला दिलबहार. नोकरीसाठी माणूस पुण्या-मुंबईला जातो, उपनगरात फ्लॅट घेतो, पण सामना असला की त्याची विचारपूस जुन्या पेठेच्या संघाचीच असते. मुलीचं माहेर एका पेठेत आणि सासर दुसऱ्या पेठेत असेल, तर सामन्याच्या दिवशी जावयानं सासुरवाडीला जेवायला जावं का, हा प्रश्न थट्टेचा असला तरी अगदीच थट्टेचा नसतो.

एप्रिलमधली दुपार घ्या. चारचा सामना आहे. सिमेंटच्या पायऱ्या अजून तापलेल्या आहेत. कुणी वर्तमानपत्र अंथरलंय, कुणी डोक्यावर रुमाल टाकलाय. एका बाजूला एका पेठेचे समर्थक, समोर दुसऱ्या पेठेचे, मधे पोलीस. हलगी कडकडते. चेंडू मध्यरेषेपलीकडं गेला की ‘हाण की लगा!’ असा गलका उठतो, आणि पेनल्टी बारवरून गेली की समोरच्या गॅलरीला सणच मिळतो. मारणाऱ्याला चेंडू आता रंकाळा तलावातून काढून आण, असं सुचवलं जातं. त्याच्या बुटांची, त्याच्या जेवणाची, त्याच्या काकानं वीस वर्षांपूर्वी चुकवलेल्या पेनल्टीची आठवण निघते. ‘काका’ हा इथला खास भाग आहे. व्यावसायिक लीगमध्ये गॅलरीतला माणूस खेळाडूला टीव्हीवरून ओळखतो. इथं तो त्याला लहानपणापासून ओळखतो, त्याचं शाळेतलं टोपणनावही त्याला ठाऊक असतं. त्यामुळं टोमणा बरोबर जागी लागतो.

आणि सामना संपला तरी गोष्ट संपत नाही. जिंकलेला संघ गुलाल उधळत तालमीपर्यंत मिरवणूक काढतो. मिरवणुकीची वाट कुठून न्यायची, याला महत्त्व असतं हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. हरलेल्या संघाच्या समर्थकाला दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला त्याच चौकातून जायचं असतं. चहाच्या गाड्यावर ओळखीचा माणूस काहीच बोलत नाही, फक्त बोटांनी गोलसंख्या दाखवतो. मग मोबाइलवर चित्रं फिरतात, चौकात डिजिटल फलक लागतो, त्याला उत्तर देणारा फलक दुसऱ्या चौकात लागतो. स्थानिक दैनिकांच्या क्रीडापानावर सामन्याचं वर्णन कितव्या मिनिटाला गोल झाला इथपर्यंत सविस्तर छापून येतं, आणि ते कात्रण वादात साक्षीपुराव्यासारखं वापरलं जातं.

या सगळ्याला कोल्हापुरी शब्द आहे ‘ईर्षा’. ईर्षा म्हणजे एरवी मत्सर, वाईट गुण. कोल्हापुरात ‘पोरं ईर्षेनं खेळली’ ही शाबासकी असते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शाहू स्टेडियमच्या दोन गॅलऱ्यांत एकाच वेळी नांदतात, आणि कधी एक दुसऱ्याच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो.

थट्टेचं हे शास्त्र कवठे येमाईला नवं नाही. याच गावचे लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशाच्या फडांसाठी आयुष्यभर गाणी आणि वग लिहिले. राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. ज्यानं तमाशा नीट पाहिलाय त्याला बतावणी ठाऊक असते. सोंगाड्या समोरच्याची यथेच्छ टर उडवतो, समोरचा चिडतो, प्रेक्षक हसून लोळतात, पण दोघंही रंगमंच सोडून जात नाहीत. एक जण निघून गेला तर बतावणी तिथंच संपली. फुटबॉलच्या गॅलरीतली खेचाखेच याच नियमावर चालते. पाटाकडीलच्या समर्थकाला शिवाजी हरायला हवा असतो, पण शिवाजी स्पर्धेतच नसेल तर त्याचा निम्मा हंगाम वाया जातो.

कोलकात्यात हीच बतावणी माशांवर चालते. ईस्ट बंगाल जिंकला की हिल्सा, मोहन बागान जिंकला की कोळंबी, आणि हरलेल्यांना त्या दिवशी मासळीबाजारात तोंड दाखवायला नको वाटतं. पण त्याच शहरानं १६ ऑगस्ट १९८० हा दिवसही पाहिला आहे. ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात गॅलरीत हाणामारी झाली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ प्रेक्षकांचा जीव गेला. कोल्हापूरनं इतकी मोठी किंमत मोजलेली नाही, पण दगड, बाटल्या, अर्ध्यावर थांबलेले सामने आणि त्यामागून येणाऱ्या बंदीच्या कारवाया तिथल्या फुटबॉलला अनोळखी नाहीत. ‘आमच्या पोरांचं रक्त गरम आहे’ असं म्हणून याचं कौतुक करण्याची एक खोड आहे. ती सोडलेली बरी. चौकातला टोमणा ज्याला उद्देशून असतो त्याला दुसऱ्या दिवशी उत्तर देता येतं. दगडाला तसं उत्तर नसतं, आणि सामनाच बंद पडला तर चिडवायला विषयही उरत नाही.

निष्ठेची आणखी एक परीक्षा पैशानं घेतली आहे. गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या संघांत आफ्रिकेतले खेळाडू दिसू लागले, बाहेरगावचे खेळाडूही आले. सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक अशी स्पर्धांना दिलेली नेत्यांची नावं बघितली की फुटबॉलच्या गर्दीवर राजकारणाची नजर आहे हे वेगळं सांगायला नको. बक्षिसांचे आकडे वाढले तसा खेळाडूंचा भावही वाढला. एका पेठेचा खेळाडू दुसऱ्या पेठेकडून खेळायला लागला की नोंदणीच्या दिवसांत कट्ट्यावर फितुरीची भाषा सुरू होते. तरी गंमत अशी, की परदेशी खेळाडूनं पहिल्याच सामन्यात गोल मारला की तो आठवड्यात ‘आपला’ होतो, त्याचं नाव कोल्हापुरी वळणानं उच्चारलं जातं, आणि तो चार कोल्हापुरी शब्द शिकतो. शिकलेल्यातले दोन शब्द छापण्याजोगे नसतात.

पेठेची ही भिंत क्वचित पडतेही. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ मध्ये १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून उतरला तेव्हा तो कुठल्या पेठेचा, यापेक्षा तो कोल्हापूरचा हे मोठं ठरलं. निखिल कदम मोहन बागानच्या जर्सीत दिसला तेव्हाही तसंच झालं. आणि दर चार वर्षांनी मोठा विश्वचषक आला की पेठांच्या जागी ब्राझील आणि अर्जेंटिना येतात. भिंती रंगतात, झेंडे लागतात, आणि जन्मात दक्षिण अमेरिका न पाहिलेली माणसं एकमेकांशी अबोला धरतात.

पण खरा रस आहे तो गुणतक्त्याच्या तळाशी. चषकांवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा ही नावं वरचेवर येतात. संध्यामठ, झुंजार, ऋणमुक्तेश्वर, उत्तरेश्वर पेठ यांच्या समर्थकांचं काय? त्यांचा हंगाम वेगळ्या मापानं मोजला जातो. बलाढ्य संघाला बरोबरीत रोखलं तर ती दिवाळी. एखाद्याचं विजेतेपद आपल्यामुळं हुकलं तर तो चषक न मिळताही मिळालेला चषक. त्यांच्या टोमण्यांत धारही जास्त असते, कारण त्यांच्यापाशी गमावण्यासारखं फार काही नसतं. स्वतःच्या संघाची थट्टा करण्यात ते सर्वांच्या पुढं असतात. आपल्या गोलकीपरला आपण काहीही म्हणू. समोरच्या गॅलरीनं तेच म्हटलं की मात्र बाह्या सरसावतात.

क्लब मालकाचा की समर्थकांचा, हा प्रश्न लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबच्या समर्थकांपुढं फार कडू मार्गानं आला. त्यांचा क्लब मालकांनी दूरच्या मिल्टन कीन्स या गावी हलवायचा ठरवला आणि २००२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. समर्थक रडत बसले नाहीत. त्यांनी मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली, एएफसी विम्बल्डन नावाचा नवा क्लब काढला, आणि इंग्लिश फुटबॉलच्या बऱ्याच खालच्या, नवव्या पायरीपासून सुरुवात केली. २०११ मध्ये तो क्लब इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये पोचला. मिल्टन कीन्सच्या संघाला विम्बल्डनचे समर्थक अजूनही ‘फ्रँचायझी’ म्हणून हिणवतात. पुण्याच्या ऑरेंज आर्मीपाशी तसा माळ नव्हता, आणि पेठही नव्हती.

कोल्हापूरचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या टोकापर्यंत चालतो. घाटातल्या बारीची सवय असलेल्या शिरूरकरानं एकदा तिकडं जाऊन यावं. तिकीट काढावं, टोपी न्यावी, अर्धा तास आधी पोचावं. शेजारच्या माणसानं ‘कुणाचा?’ असं विचारलं तर ‘असाच आलोय बघायला’ असं सांगू नये, त्यानं कुणाचंच समाधान होत नाही. एक नाव घ्यावं. शक्यतो तळातल्या संघाचं. त्या बाजूला बसायला जागाही मिळते.