बर्गंडी कोणाच्या बाजूने?

इंग्लंड-फ्रान्समधल्या शतवार्षिक युद्धात (1337 ते 1453) सगळे फ्रेंच एका बाजूला होते, असं समजायचं कारण नाही. बर्गंडीचे ड्यूक फ्रेंच राजघराण्यातलेच. पण त्यांच्या ताब्यातल्या फ्लँडर्सचे माग इंग्लिश लोकरीवर चालत. त्यात भाऊबंदकीची भर. 1407 मध्ये ड्यूक जॉनने राजाच्या सख्ख्या भावाचा, ऑर्लेआँच्या लुईचा, पॅरिसच्या रस्त्यात खून करवला. 1419 मध्ये माँतरोच्या पुलावर समेटाच्या भेटीतच युवराजाच्या माणसांनी जॉनच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. पुढे शंभरेक वर्षांनी ती कवटी राजा फ्रान्स्वाला दाखवताना एक मठवासी म्हणाला म्हणे, की इंग्रज फ्रान्समध्ये शिरले ते याच भोकातून! बोलणं झोंबरं, पण फारसं खोटं नव्हे. जॉनचा मुलगा फिलिप इंग्रजांना मिळाला आणि 1420 च्या त्र्वाच्या तहाने इंग्लंडचा पाचवा हेन्री फ्रान्सच्या गादीचा वारस ठरला. 1430 मध्ये जोन ऑफ आर्कला पकडलं तेही बर्गंडीच्याच बाजूच्या सैनिकांनी, आणि 10,000 लिव्र घेऊन तिला इंग्रजांच्या हवाली केलं.

सूड मात्र फिलिपला जन्मभर पुरला नाही. 1435 मध्ये आरासला त्याने फ्रेंच राजाशी तह केला. बापाच्या खुनाबद्दल माफी आणि वर सोम नदीकाठची गावं पदरात पाडून घेतली. पुढच्याच वर्षी पॅरिस इंग्रजांच्या हातून गेलं.