‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही’

तान्ह्या बाळाचं यकृत बिघडलं आणि डॉक्टरांनी ‘आनुवंशिक’ म्हटलं, की घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आमच्या घराण्यात कुणालाच नाही.’ वाक्य बहुतेकदा खरं असतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा, आणि तो जाऊन आदळतो सुनेच्या माहेरावर.

गॅलॅक्टोसीमिया घ्या. दुधातल्या लॅक्टोज साखरेचे आतड्यात दोन भाग होतात, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. गॅलॅक्टोज पचवणारं एक विकर गॅल्ट या जनुकामुळे तयार होतं. जनुकाच्या प्रती दोन. एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. असा माणूस ऐंशी वर्षं बासुंदी खात सुखानं जगतो आणि बिघडलेली प्रत पुढच्या पिढीत कुणाकुणाला देऊन जातो. पत्ता कुणालाच लागत नाही. अशाच दोघांचं लग्न झालं आणि बाळाला दोन्हीकडून बिघडलेलीच प्रत मिळाली, की दूध सुरू झाल्यावर काही दिवसांतच उलट्या, कावीळ, जंतुसंसर्ग. घराण्यात कुणाला नसणं हाच या आजाराचा नेहमीचा इतिहास आहे! दोष निम्मा इकडचा, निम्मा तिकडचा. ‘आईचं दूध बाधलं’ म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं: गाईच्या दुधात हीच साखर असते. या एका आजारात दोन्ही बंद करून सोयाची पावडर द्यावी लागते.

‘पण गोत्र वेगळं होतं!’ गोत्र वडिलांकडून येतं. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळंच असतं, तरी तिच्या-आपल्या जनुकांचा सरासरी आठवा हिस्सा सारखा असतो, एकाच आजी-आजोबांकडून आलेला. जनुकांना गोत्र कळत नाही.

दोघांकडेही बिघडलेली प्रत असलेल्या जोडप्याच्या चार बाळांत एकाला धोका, मग पहिलं आजारी निघालं म्हणजे पुढची तीन ठणठणीत, हा हिशेब तर शिकलेले लोकही करतात. प्रत्येक गरोदरपणात धोका तोच, 25 टक्के. मागच्या बाळाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

याच्या उलट चूकही झालेली आहे. इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस या यकृताच्या आजारानं एकाच घरातली भावंडं दगावत, म्हणून तो आनुवंशिक असावा असं अनेकांना वाटे. तो नवजात बाळांचा नव्हे, थोड्या मोठ्या मुलांचा आजार. पुण्याच्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत आजारी आणि निरोगी मुलांचं खाणंपिणं ताडून पाहिलं. अभ्यास 1987 साली छापून आला. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या, ठेवलेल्या दुधातून तांबं पोटात जात होतं. काही मुलं जन्मतःच तांब्याला जास्त बळी पडत असतील, हे नाकारता येत नाही. पण भांडी बदलली आणि आजार जवळपास दिसेनासा झाला. (घरात जनुकंच नव्हे, भांडीही वारशानं येतात.)

सदोष जनुक म्हणजे आजार अटळ? स्वीडनमध्ये 2 लाख नवजात बाळांची यकृतात बनणाऱ्या अल्फा-1 अँटिट्रिप्सिन या प्रथिनासाठी तपासणी झाली. 120 जणांत सदोष जनुकामुळे त्याची गंभीर कमतरता सापडली. रेंगाळलेली, पित्त अडल्याची कावीळ त्यातल्या फक्त 14 बाळांना झाली (स्वेगर, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन, 1976).

आनुवंशिक म्हणजे इलाज नाही? यकृत बिघडवणाऱ्या टायरोसिनीमिया या आनुवंशिक आजाराच्या पहिल्या प्रकारावर निटिसिनोनचा उपयोग 1992 साली प्रसिद्ध झाला. तणनाशकांच्या संशोधनातून आलेलं हे औषध आहारपथ्यासह आजही वापरतात.

कोवळं ऊन? यकृताच्या काविळीवर त्याचा उपयोग नाही. गळ्यातल्या माळेचा तर नाहीच.

आणि लांबलेली प्रत्येक कावीळ आनुवंशिक नसते. दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील आणि शी पांढुरकी होत असेल, तर रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन त्याच दिवशी तपासून घ्यावं. पित्तनलिका बंद असण्याचा आजार सहसा वारशानं येत नाही, पण त्यावरची कासाई शस्त्रक्रिया बाळ 60 दिवसांचं होण्याआधी झाली तर ती यशस्वी होण्याची शक्यता जास्त असते.