मैदानावरचा मित्र गेल्यावर

डिसेंबर २०१४, अ‍ॅडलेड कसोटीचा तिसरा दिवस. विराट कोहली फलंदाजीला आला आणि मिचेल जॉन्सनचा पहिलाच चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला. एरवी अशा वेळी वेगवान गोलंदाज फलंदाजाकडे रोखून बघतो. त्या दिवशी मात्र ऑस्ट्रेलियाचे खेळाडू त्याची विचारपूस करायला धावले.

बरोबर दोन आठवड्यांपूर्वी त्यांचा सहकारी फिलिप ह्यूज गेला होता. २५ नोव्हेंबरला सिडनीतल्या स्थानिक सामन्यात शॉन अ‍ॅबटचा उसळता चेंडू त्याच्या मानेवर लागला, मेंदूकडे रक्त नेणारी धमनी फाटली आणि मेंदूभोवती रक्तस्राव झाला. दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर होता.

खेळातली मैत्री जरा वेगळीच असते. दर रविवारी सोबत खेळणाऱ्याच्या घरी आपण कधी गेलेलो नसतो, पण तो धाव घेताना कधी कचरतो हे नेमके ठाऊक असते. असा मित्र अचानक गेला की घरच्यांचे सांत्वन होते, तेरा दिवस माणसे येतात. संघातल्या मित्रांना मात्र दुसऱ्या दिवशी ऑफिसला जावे लागते आणि त्यांना कुणी फारसे विचारत नाही. समाज ज्याची दखलच घेत नाही अशा या शोकावर केनेथ डोका या अभ्यासकाने १९८०च्या दशकातच लिहिले होते. दखल नसली म्हणून दुःख कमी नसते.

झोप उडणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणे, सरावाला उतरताच छातीत धडधडणे, हे सुरुवातीच्या काही आठवड्यांत स्वाभाविक आहे. मित्र हृदयविकाराने गेला असेल तर स्वतःच्या प्रत्येक ठोक्याकडे लक्ष जाते. मनाला खात घरी बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून एकदा तपासणी करून घ्यावी आणि संघाने मिळून सीपीआर शिकून घ्यावे. घडल्या दिवशीच सगळ्यांना गोल बसवून काय काय पाहिले ते वदवून घेण्याचा मात्र उपयोग होत नाही, असे अभ्यास सांगतात. ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे. आणि रात्री आठवणीत ‘बसण्याची’ प्रथा, तिने झोप आणखीच बिघडते.

पुन्हा खेळायचे कधी? मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडले, की शोक करणारा माणूस दुःख आणि रोजचे जगणे यांच्यात ये-जा करत असतो आणि ही ये-जाच त्याला सावरते. ह्यूजला चेंडू लागला तेव्हा डेव्हिड वॉर्नर मैदानातच होता. अ‍ॅडलेडला त्याची धावसंख्या ६३ झाली, ह्यूज जिथे थांबला होता तीच. तेव्हा त्याने बॅट उंचावून आकाशाकडे पाहिले. त्यानंतर तो १४५ पर्यंत खेळला. म्हणजे हसू आले, धावा झाल्या, तर तो मित्राचा विसर नव्हे. पण प्रत्येकाचा वेग निराळा. प्रशिक्षकाने तारीख ठरवू नये.

सर्वांत अवघड अवस्था असते ती ‘मी त्याला बोलावलेच नसते तर’ म्हणणाऱ्याची. अ‍ॅबट त्याच डिसेंबरमध्ये सिडनीच्या त्याच मैदानावर पुन्हा उतरला आणि एका डावात १४ धावांत ६ बळी घेतले; पण बळी मिळाले म्हणून मनातला प्रश्न मिटला असे कुणी समजू नये. ‘तुझी चूक नव्हती’ हे अशा माणसाला एकदा सांगून भागत नाही. महिन्याने, वर्षश्राद्धाच्या सुमारास, मित्राची जागा रिकामी दिसते त्या सामन्यात, पुन्हा विचारावे लागते.

सहा महिन्यांनंतरही ओढ तितकीच तीव्र असेल, कामधंदा ठप्प असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. जगावेसे वाटत नसेल किंवा दारूचे प्रमाण वाढत असेल तर तेवढीही वाट पाहू नये. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आणि चोवीस तास सुरू असते.