थंडीत कोंबड्यांची पिसे कोरडी ठेवा

सौंदड परिसरात धानाची कापणी आटोपली की थंडी जोर धरते. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया जिल्ह्यात पहाटेचे तापमान कित्येकदा १० अंशांखाली उतरते. आपल्या आदिवासी भगिनींना अंगणातल्या कोंबड्यांवरच मीठ-मिरची आणि मुलांच्या वह्या भागवाव्या लागतात. म्हणून घरभेटीत मी आवर्जून सांगते : थंडीत कोंबडी धुऊ नका.

कोंबडी पिसे फुलवते, तेव्हा पिसांमध्ये हवा अडकते. तीच तिची घोंगडी. पिसे भिजली किंवा विष्ठेने चिकटली की ऊब जाते आणि कोंबडी गारठते. मागची पिसे फारच माखली असतील, तर भर दुपारी कोमट पाण्याच्या फडक्याने तेवढाच भाग पुसून उन्हात वाळवावा. बाकीची स्वच्छता ती स्वतः करते. त्यासाठी टोपल्यात कोरडी माती आणि चुलीची थंड राख ठेवावी. त्यात लोळल्याने उवाही कमी होतात.

खुराड्यात धानाचे तूस चार बोटे अंथरावे, ओले झालेले रोज काढावे. रात्री पोते लावताना वरची फट मात्र उघडी ठेवावी. सगळे बंद केल्यास आत ओल साचते आणि विष्ठेच्या वासाने डोळे चुरचुरतात.

एवढे करूनही पिसे पुन्हा माखत असतील आणि हगवण हिरवट असेल, तर तो राणीखेत रोगही असू शकतो. ती कोंबडी वेगळी ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. राणीखेत बरा करणारे औषध नाही, लस आहे. ती कोंबड्या निरोगी असतानाच द्यावी.