उतरलेला ट्रक, झिजलेले सांधे

शेव्हरोलेटचा सी-१० हा पिकअप अमेरिकेत शेतावर आणि बांधकामावर राबण्यासाठी बनला. १९६० साली कंपनीने या ट्रकांच्या पुढच्या अखंड आसाला रजा देऊन दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिले. आधी त्यात टॉर्शन बार होते, १९६३पासून कॉइल स्प्रिंग आल्या. १९७२पर्यंतच्या बहुतेक सी-१०मध्ये मागेही पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आणि लांब ट्रेलिंग आर्म असत. ही आर्मची रचना इतकी सरस होती की नॅस्कारच्या शर्यतींतल्या गाड्यांनी ती अनेक दशके वापरली. मालवाहू ट्रकला मिळालेला असा मान मला फार महत्त्वाचा वाटतो.

हौशी लोकांना या ट्रकची एकच गोष्ट खटकते, ती म्हणजे उंची. माल वाहायचा म्हणून मागची बाजू उंच ठेवलेली असते. माल गेला, ट्रक म्हातारा झाला, की रिकामा हौदा उगाच वर उचललेला दिसतो. मग त्याला खाली उतरवायचे वेध लागतात.

गाडी खाली उतरवण्याची आवड कॅलिफोर्नियात मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी जोपासली, आणि कायदा त्यांच्या मागे लागला. चाकाच्या रिमच्या तळापेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली येता कामा नये, असा नियम १९५०च्या दशकाच्या अखेरीस झाला. सहा हजार पौंडांखालच्या व्यापारी गाड्यांनाही तो लागू होता. त्यावर सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगीर्रे यांनी आपल्या कॉर्व्हेटला विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक भाग बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, पोलीस गेले की खाली. अखेर २०२३मध्ये राज्याने हा नियम रद्द केला आणि १ जानेवारी २०२४पासून तो संपला. मला त्या नियमात एक मोठी उणीव दिसते. इतकी वर्षे नियमाने मोजली ती जमिनीपासूनची उंची. जुन्या ट्रकचा खरा धोका मात्र पुढच्या चाकांच्या सांध्यांत असतो.

ट्रक उतरवण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे स्प्रिंगचे वेढे कापणे. स्प्रिंगचा ताठपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. आठातला एक वेढा कापला, तर स्प्रिंग सुमारे १४ टक्के ताठ होते. उंची घटते, पण चाकाला वर सरकायला उरलेली जागाही घटते, आणि प्रत्येक खड्ड्यात पुढचे चाक धरणारा आर्म रबरी बफरवर आदळतो. आर्मचे कोन बदलले की चाक वळवणारा टाय-रॉड आणि आर्म वेगवेगळ्या कमानींत फिरू लागतात. मग खड्ड्यात चाक वर गेले की स्टिअरिंग न फिरवताही ते वळते.

ड्रॉप स्पिंडलची रीत याहून शहाणपणाची आहे. चाक ज्या खुंटावर फिरते तो खुंट, आर्मला जोडणाऱ्या बॉल जॉइंटच्या तुलनेत वर सरकवलेला असतो, साधारण अडीच इंच. ट्रक तेवढाच खाली येतो, पण आर्म आणि टाय-रॉड आपल्या मूळ कोनात राहतात. स्प्रिंगलाही तिची पूर्ण चाल मिळते. मागे मात्र नुसती स्प्रिंग बदलून भागत नाही. आस आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड ट्रक उतरला की कमानीत वर जातो आणि आसाला बाजूला ओढतो. त्याची लांबी जुळवून घ्यावीच लागते.

पण हे सगळे नंतरचे. पन्नास वर्षे चाललेल्या ट्रकमध्ये बॉल जॉइंट, टाय-रॉड एंड, आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश, आयडलर आर्म आणि शॉकअप झिजलेलेच असतात. पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, म्हणून वजन खालचा बॉल जॉइंट पेलतो. जॅक त्या आर्मखाली लावला की जॉइंटवरचा भार उतरतो, आणि मग चाकाखाली पहार घालून उचलले की सांध्यातली ढिलाई हाताला कळते. जॅक चॅसिसखाली लावला, तर स्प्रिंगच्या दाबाने जॉइंट घट्ट भासतो आणि तपासणी फसवी ठरते.

सांधे उघडताना सर्वांत मोठी भीती स्प्रिंगची. शेकडो किलोंचा दाब असलेली ही स्प्रिंग जॅकच्या आधारावाचून सुटली, तर माणूस जिवाला मुकू शकतो. म्हणून जॅक खालच्या आर्मखालीच हवा आणि स्प्रिंग कॉम्प्रेसर लावलेला हवा. बॉल जॉइंट सोडवताना जॉइंटचा बोल्ट स्पिंडलच्या ज्या डोळ्यात बसतो त्याच्या बाजूला हातोडा मारायचा, बोल्टवर नाही. कारखान्यातून रिव्हेट मारलेले वरचे जॉइंट घासून किंवा ड्रिलने काढावे लागतात आणि नवे नट-बोल्टने बसतात. नट आवळल्यावर कॉटर पिनचे भोक जुळले नाही, तर नट आणखी आवळायचा, सैल कधीही करायचा नाही. मग अलाइनमेंट. ते न करता रस्त्यावर आलेला ट्रक नवा टायर आतल्या कडेने खाऊन टाकतो.

दुकानात चकाकत्या ड्रॉप स्पिंडलकडे डोळे जातात, बुशकडे कुणाचे जात नाहीत. मला वाटते, पैसे आधी बुशवर जायला हवेत.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घातले आहे, त्यामुळे गाडी खाली उतरवणे हा नोंदणीचा प्रश्न होतो. पण बॉल जॉइंट आणि टाय-रॉड एंड तुमच्या गाडीलाही आहेत. जुनी गाडी बाळगत असाल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला चाक अधांतरी करून हे सांधे तपासायला सांगा, आणि तपासताना स्वतः शेजारी उभे राहा.