बारभाईंचा ब्लोअर

कला शाखेच्या वार्षिकात यंत्रावरचा लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण मी सुताराच्या घरात वाढलो. कवितेची ओळख मला कॉलेजात झाली. भुशाची ओळख त्याच्या फार आधीची. तेव्हा ज्यातले थोडेफार कळते त्याविषयीच लिहावे, हे बरे.

आमच्या गावात सात सुतारांनी मिळून एक शेड भाड्याने घेतली आहे. प्रत्येकाने स्वतंत्र यंत्रे घ्यावीत अशी कोणाचीच ऐपत नाही. म्हणून कटर, रंधा मशीन आणि लाकूड घासायचे मशीन सामाईक. माझे वडील या सातांपैकी एक. चार वर्षांपूर्वी सर्वांनी वर्गणी काढून भुसा ओढून घेणारे यंत्र बसवले. त्याचे कारखान्यातले नाव डस्ट कलेक्टर. आमच्याकडे त्याला नुसते ब्लोअर म्हणतात.

भुसा तर झाडूनेही निघतो, मग त्यासाठी यंत्र कशाला? हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला होता. त्याचे उत्तर असे, की झाडूने निघतो तो भुसा फारसा घातक नसतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. लाकूड घासताना उडणाऱ्या धुळीत १० मायक्रॉनहून बारीक कणही असतात. ते सुटे सुटे डोळ्यांना दिसत नाहीत, बराच वेळ हवेत तरंगतात आणि त्यांतले अतिबारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील हाय विकम या गावी १९६०च्या दशकात एझ्मे हॅडफील्ड या नाक-कान-घशाच्या शल्यविशारद बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. नाकाचा एक अतिशय दुर्मिळ कर्करोग लाकूडकाम करणाऱ्यांतच पुन्हा पुन्हा आढळत होता. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना माणसाला कर्करोग होण्याच्या निश्चित कारणांत केली. सागवान, शिसव ही आपली मानाची लाकडेही याला अपवाद नाहीत.

आता यंत्राकडे वळू. मोटरवर फिरणारा पंखा हवा ओढतो. प्रत्येक मशीनपासून निघालेले नळ एका मोठ्या नळाला मिळतात. त्यातून भुसा एका शंकूच्या आकाराच्या पत्र्याच्या पिंपात कडेने शिरतो आणि गरगर फिरू लागतो. गोफणीतला दगड जसा बाहेरच्या बाजूस ओढ घेतो, तसा जड भुसा पत्र्याला जाऊन घासतो, वेग गमावतो आणि खालच्या ड्रममध्ये पडतो. हलकी धूळ हवेबरोबर मधून वर निघते, पंख्यातून पुढे जाते आणि कापडी पिशव्यांत अडकते. स्वच्छ हवा कापडातून बाहेर पडते.

चालवण्याचे नियम मोजकेच आहेत. आधी ब्लोअर, मग मशीन; बंद करताना आधी मशीन, आणि मिनिटभराने ब्लोअर, म्हणजे नळात भुसा साचत नाही. प्रत्येक नळाला सरकती झडप असते. जे मशीन चालू असेल त्याचीच झडप उघडी ठेवावी. आळीतल्या सगळ्यांनी एकदम नळ सोडले की कोणाच्याच हंड्याला धार लागत नाही, तसाच हा प्रकार. नळातली हवा सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावली तरच भुसा वाहून जातो. वेग मंदावला की तो वाटेतच बसतो.

ड्रम दोन तृतीयांश भरला की रिकामा करावा आणि झाकणाची रबरी पट्टी नीट बसली आहे ना ते पाहावे. तिथून हवा शिरली की खाली पडलेला भुसा पुन्हा वर उडून पिशव्यांत जातो. जमिनीवरचे खिळे ब्लोअरमध्ये ओढू नयेत, पंख्यावर आपटून ठिणगी पडते. जवसाच्या तेलाचे बोळे भुशात टाकू नयेत. ते आपोआप तापून पेटतात. विडीची गोष्ट वेगळी सांगायला नको.

पिशवी झटकायची केव्हा, यासाठी आम्ही गवंड्याची लेव्हल-नळी वापरतो. पाणी भरलेल्या त्या पारदर्शक नळीचे एक टोक पंखा आणि पिशव्या यांच्यामधल्या नळाला जोडले आहे, दुसरे मोकळे. पिशवी तुंबत गेली की दोन बाजूंच्या पाण्यातला फरक वाढतो. स्वच्छ पिशवीला तो दोन बोटे असतो. चार बोटे झाला की झटकायची. मात्र नव्या पिशवीला वरचेवर झटकू नये. कापडावर धुळीचा पातळ थर बसल्यावरच ती बारीक कण नीट अडवते.

हे सारे मला पाठ होते, तरी माझ्या हातून चूक झाली, आणि खरे तर तेच सांगण्यासाठी हा लेख आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत देखभालीची पाळी वडिलांची होती. ती मी घेतली. आदल्याच आठवड्यात जळालेली मोटर गुंडाळून पुन्हा बसवली होती. मी नळी पाहिली, तर फरक जेमतेम एक बोट. पिशवी छान स्वच्छ झाली, असे समजून मी वहीत तसे लिहिले. खिडकीच्या कट्ट्यावर रोज पिठासारखी धूळ दिसे. वडील रात्री खोकत. मी दोन्ही पाहिले, पण कोणाला बोललो नाही. यंत्र सातांचे, कोणीतरी बघेल!

आठव्या दिवशी रंध्याचा नळ तुंबला. तात्यांनी ब्लोअर बंद करून थांबत आलेल्या पंख्याकडे पाहिले, पत्र्यावरचा बाण पाहिला आणि म्हणाले, "अरे, हा उलटा फिरतोय की!" मोटर जोडताना तीन वायरींतल्या दोन अदलाबदल झाल्या होत्या. गंमत अशी, की असा पंखा उलटा फिरला तरी हवा ओढतोच, पण फार कमी. हवाच कमी, म्हणून नळीतला फरकही कमी. वायरमनने दोन वायरी बदलल्या आणि पाणी पुन्हा दोन बोटांवर आले.

'बारभाईंची शेती, काय लागेल हाती' असे आपल्याकडे म्हणतात. आमच्या शेडमध्ये आता पाळीच्या वहीत एक जादा रकाना आखला आहे. नेहमीपेक्षा वेगळे काही दिसले, की कारण कळो वा न कळो, ते तिथे लिहायचे. कमी फरक आढळला तरी लिहायचे, आणि दुरुस्तीनंतर बाण पाहिल्याशिवाय सही करायची नाही.

वडिलांचा खोकला बराच कमी झाला आहे. पहाटे मात्र अजून उबळ येते. डॉक्टरांनी दिलेला एन-९५ मास्क ते घासकामाला लावतात, तात्याही लावू लागले आहेत. हा लेख लिहितो आहे त्या आठवड्यात पाळी आमची आहे. सकाळीच पाहून आलो: दोन बोटे, बाण बरोबर, ड्रम अर्धा.